तिनं का पडायचं?

मुंबई, ४ फेब्रुवारी २०२५

ती. रंभाआत्यास रेश्माचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मला सुपरहिरोच्या सिनेमात काम मिळालंय. नायिका उडते, बस उचलते. तिच्या उड्या नि मारामाऱ्या तिच्या जागी मी करते. पण आता शेवट बदललाय. खलनायकाला ती हरवणार नाही. एका फटक्यात पडेल आणि नायक तिला उचलून नेईल. दिग्दर्शक म्हणतात, लोकांना असंच आवडतं. वर उंच टाचांचे बूट. परवा त्यात धावताना घोटा मुरगळला. नाही म्हटलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही. काय करू?

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
रेश्मा

सोलापूर, ११ फेब्रुवारी

चि. रेश्मास अनेक आशीर्वाद.

आधी घोटा शेक, मग शहाणपणा कर. तीस वर्षं टॉकीजच्या बाल्कनीच्या दारावर तिकिटं फाडली मी. तवाच्या असल्या सिनेमात बाई नुसती किंचाळायची, कुणी येईस्तोवर गच्चीला लटकून ऱ्हायची. मग घट्ट कपड्यात लाथा मारायला लागली. पण क्यामेरा लाथंकडं कमी, तिच्या अंगाकडंच जास्त. गेल्या साली शेजारच्या पोरींना घेऊन गेले. पडद्यावरल्या बाईनं एकटीनं सगळं शहर वाचवलं. पोरी खुर्च्यांवर उभ्या ऱ्हायल्या, मी दम दिला न्हाय. लोकांना काय आवडतं ते मला इचारा म्हणावं, तोंडं बघितल्यात मी त्यांची. तू पडू नगंस. काम गेलं तर हितं ये, मी हाय की.

तुझ्यावर लई जीव असलेली,
आत्या

मुंबई, २ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

शूटिंगला मी सपाट बूट घालून गेले. दिग्दर्शकांना म्हटलं, "हिनं बस उचललीय. एका फटक्यात ती का पडेल? मी पडणार नाही." त्यांनी मला घरी पाठवून वैदेही नावाच्या मुलीला बोलावलं. आमची ओळखही नव्हती. शेवट काय आहे ते तिनं ऐकून घेतलं आणि तीही पडायला नाही म्हणाली, असं मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी मला परत बोलावणं आलं: दोन्ही शेवट घेऊ, कुठला ठेवायचा ते मागाहून ठरवू. दिवसभर लढले, आत्या. खलनायकाला पार लोळवलं. आता झोप छान लागते.

पडायचा शेवट मात्र अजून घ्यायचा राहिलाय. त्यासाठी त्यांना अजून कुणी मिळालेली नाही.

तुझीच,
रेश्मा