लाल झाकणाच्या डब्यातलं मॅग्नेशियम

४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

गुडघ्याचं दुखणं कसं आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी इथून शपथेवर सांगतो. मी बरा आहे. निवृत्तीला तीन महिने राहिले. प्रयोगशाळेतली कपाटं आवरतोय.

आज वेगळंच लिहायचं आहे. महिन्यापूर्वी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ज्या शोधनिबंधावर मला प्राध्यापकी मिळाली, त्यातली सातवी पायरी तिला चार महिने जमत नव्हती. स्फटिकांऐवजी चिकट राळ मिळते, असं तिचं म्हणणं. मी हसलो. मग स्वतः एप्रन चढवून उभा राहिलो. तीनदा केलं, तीनदा राळ.

तेव्हा तुझ्या धाकट्या दिराची वही शोधली. माझा पहिला विद्यार्थी तो. ती पायरी त्याच्याच हातची. एकतीस वर्षांपूर्वीच्या पानावर त्यानं लिहिलंय, की लाल झाकणाच्या डब्यातलं मॅग्नेशियम वापरलं तरच जमतं, त्यात दुसरा धातू मिसळलेला असावा, पण सर नाही म्हणतात. हो, मी नाही म्हणालो होतो. ते छापायचं तर आधी तपासावं लागलं असतं, निबंध लांबला असता, आणि जागेची मुलाखत तोंडावर होती. पुढे तो डबा संपला, त्याचे प्रयोग फसू लागले, आणि मी त्याला सांगितलं की तुझे हात या कामाचे नाहीत, दुसरं काही बघ.

परवा मी चिमूटभर तांब्याचा क्षार टाकून पाहिलं. दुपारपर्यंत स्फटिक आले, पांढरेशुभ्र. दुरुस्ती छापायला पाठवतोय, त्याच्या नावानिशी. त्याला तूच सांग. माझा धीर होत नाही.

माया आटू देऊ नकोस.

तुझा बाळू

१३ मार्च

चि. बाळूस, अ. उ. आ.

गुडघा ठणकतोय आणि व्यायाम मी करत नाही. झालं समाधान?

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. भावजींनी घरी काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? मन रमलं नाही, म्हणून मीच सोडलं. तुझ्याबद्दल वावगा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. सासूबाई शेवटपर्यंत त्यांना धरसोड्या म्हणत राहिल्या. ह्यांनी तर दोन वर्षं अबोला धरला, आणि नंतर बोलले तेही जाईपर्यंत टोमणे मारूनच. भावजी रंगाच्या कारखान्यात लागले, तीस वर्षं डब्याडब्यातल्या छटा जुळवत बसले. आता जिना चढताना त्यांना धाप लागते. आणि तू दर सुट्टीत माझ्याकडे येऊन त्यांच्याच शेजारी जेवायला बसायचास. ते तुला आग्रह करकरून वाढायचे. घास कसा उतरला रे तुझ्या घशाखाली?

पत्र त्यांना दिलं. खिडकीशी नेऊन वाचलं, घडी घातली, चष्मा पुसला, आणि आता ह्याचं मी काय करू, एवढंच विचारलं.

रागावले आहे. तरी वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

१९ मार्च

आदरणीय सर, स. न. वि. वि.

वहिनींनी आपलं पत्र वाचायला दिलं. तर तांबं निघालं. माझा संशय निकेलवर होता. कळलं, बरं झालं. इतकी वर्षं अधूनमधून डोक्यात यायचं.

एक विनंती आहे. दुरुस्तीत माझं नाव घालू नका. आई आणि दादा, दोघंही मला धरसोड्या समजूनच गेले. मी बरोबर होतो, असं आता चार ओळींत छापून आलं, तर ते त्यांना कुणी जाऊन सांगायचं? दादाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, तेही विनाकारण, हे मला नव्यानं सोसावं लागेल. तेवढी ताकद नाही. मुलीलाही मी हेच सांगत आलोय की मला कंटाळा आला होता. ते तसंच राहू द्या.

त्या दिवशी आपण माझ्या हातांना नावं ठेवलीत. नंतर कितीतरी दिवस मी हात धुताना बोटांकडे बघत राहायचो. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

वहिनींकडे गाठ पडली, तर हा विषय नको. कळावे.

आपला पूर्वीचा विद्यार्थी

३१ मे

ती. ताईस, शि. सा. न.

त्याच्या सांगण्यावरून दुरुस्तीतून त्याचं नाव वगळलं. लगेच संपादकांनी विचारलं, मग हे निरीक्षण तुमचंच समजायचं ना? म्हणजे त्याचं काम दुसऱ्यांदा माझ्या नावावर. शेवटी लिहून पाठवलं, की निरीक्षण एका विद्यार्थ्याचं, मी ते त्या वेळी दडपलं. छापून आलं तेव्हा ‘दडपलं’च्या जागी ‘नोंदवायचं राहून गेलं’ असं होतं. त्या संशोधक मुलीला स्फटिक मिळाले. तिनं तीन पानं आभार मानलेत. उत्तर लिहायला घेतो आणि कागद बाजूला सारतो.

काल निरोपसमारंभ झाला. कुलगुरूंनी नेमकं त्याच निबंधाचं तोंड भरून कौतुक केलं. माझ्यानं बसवेना. उठलो आणि सगळं सांगितलं, नाव तेवढं घेतलं नाही. म्हणालो, त्या कामात डोकं त्या विद्यार्थ्याचं होतं, आणि स्वतःच्या बढतीसाठी मी त्याला घालवून दिलं. मग पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, केवढा हा विनय! आणि टाळ्या सुरू झाल्या. ताई, माणसं उठून उभी राहिली. मी त्यांना थांबवायला हात वर केला, तर त्यांना वाटलं, मी नमस्कार स्वीकारतोय.

तुझा बाळू