घाबरट माणसाने कोणती शाखा घ्यावी

नाशिक, रविवार

तीर्थरूप मालिनीआत्यास,

इराचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (मी दिलेलं मलम लावतेस ना, की अजून शेजारच्या सुभेदारांच्या बायकोने दिलेलं, लेबल नसलेलं तेलच चाललंय?) देवळाली कॅम्पात आमच्यापेक्षा जास्त गारठा असतो, तेव्हा पहाटेचं फिरणं थोडे दिवस उन्हं आल्यावर कर. इकडे सगळे बरे आहेत. बाबांची शुगर ताब्यात आहे, बाबा नाहीत.

फोन करायचा सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. आत्या, तू फोन कायम स्पीकरवर ठेवतेस. माझ्या आयुष्याचा प्रश्न तुझ्या भिशीतल्या बायकांनी चहा पिता पिता सोडवावा, इतकी वाईट वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. जवळ आली आहे, एवढंच.

तर माझी इंटर्नशिप संपत आली. पुढे कोणत्या विषयात पीजी करायचं हे ठरवायला हवं, आणि मला हॉटेलात डोसा साधा घ्यावा की मसाला हेसुद्धा ठरवता येत नाही, हे तू पाहिलंच आहेस. बाबांचं मात्र ठरलंय. डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरला अपरात्री कोणी उठवत नाही, रक्त फारसं दिसत नाही आणि पेशंट बरा झाला की त्याला डॉक्टर दिसतो, अशी त्यांची तीन कारणं. निफाडच्या लग्नात त्यांनी हे पंगतीत जाहीर केलं, तेव्हापासून माझ्या ताटात वाढायला येणारा प्रत्येक माणूस आधी चष्मा काढून पापणी खाली ओढून दाखवत होता. (जिलबी राहूनच गेली.) बाबांना एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. डोळ्यांच्या विभागात सरांनी मला सरावासाठी बकऱ्याच्या डोळ्याला टाका घालायला दिला. साध्या नजरेला माझा हात जरासा थरथरतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर भूकंप होता. सर फार सभ्य आहेत. त्यांनी फक्त बकऱ्याचा डोळा माझ्यापासून दूर सरकवला.

मग मी मनोविकार धरून पाहिलं, कारण तिथे टाके नसतात. पहिल्याच पेशंटची, एका निवृत्त पोस्टमनकाकांची, माहिती घ्यायला बसले. थोड्या वेळाने ते मला विचारत होते की झोप लागते का, घरचं कोणी रागावतं का, आणि मी खरी उत्तरं देत होते. जाताना त्यांनी मला रोज थोडं चालायला सांगितलं. (चालते आहे. फरक वाटतो.) त्वचारोग, बालरोग, क्ष-किरण, सगळीकडे दोन दिवस मला वाटायचं की हेच आपलं, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या चुकीने कोण कसं दगावेल याचं चित्र डोळ्यांसमोर यायचं. आत्या, हसू नकोस. मला खरंच वाटू लागलं होतं की इतक्या भित्र्या माणसाने डॉक्टर व्हायलाच नको होतं.

मागच्या आठवड्यात हरसूलकडची चंद्रभागा नावाची बाई सिझेरियनसाठी आली. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे जीव मुठीत धरून आलेली. भूल देणाऱ्या छाया मॅडमना तिने एकच सांगितलं, “मला निजवू नका. पोर रडलेलं मला ऐकायचं हाय.” मॅडमनी पाठीतून भूल दिली, म्हणजे कमरेखालचं बधिर आणि बाई जागी. मला तिच्या उशाशी बसवून तिच्याशी बोलत राहायला सांगितलं. मी तिचा हात धरला. तिच्या भातशेतीबद्दल, नवऱ्याबद्दल, सासूबद्दल विचारत राहिले. ती सासूवर आली तेव्हा चांगलीच खुलली होती, आणि मधेच गप्प झाली. मग तिने जांभई दिली. नंतर दुसरी. ओठ जरा पांढरे वाटले. समोरच्या मॉनिटरवर रक्तदाबाचे आकडे चांगले होते, पण ते मघाच्या मोजणीचे होते. जांभईची तक्रार कशी करायची, सगळे हसतील, असं मनात आलं. पण भीती लाजेपेक्षा मोठी निघाली आणि मी म्हटलं, “मॅडम, या सासूबद्दल बोलता बोलता थांबल्या.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लगेच पुन्हा रक्तदाब घेतला. तो धाडकन उतरला होता. त्यांनी औषध दिलं, सलाईन वाढवलं, आणि मी चंद्रभागेला हाका मारत राहिले. कितीतरी वेळाने (मॅडम म्हणतात, लगेच) तिने डोळे उघडून मला विचारलं की मी का रडतेय. मग मुलगी झाली. ती रडली, आई रडली, माझं आधीच चालू होतं.

नंतर मॅडमनी विचारलं, तुझ्या कसं लक्षात आलं? मी खरं ते सांगितलं, की भीतीने माझी नजरच हटत नव्हती. त्या म्हणाल्या, “मग या शाखेत ये. न घाबरणारी माणसं टेबलाच्या त्या बाजूला, चाकू धरायला, चालतात. या बाजूला मला घाबरणारंच माणूस हवं.”

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, जरा कौतुकाच्या आशेनेच. चंद्रभागेने मला आपली बोटं दाखवली. “पोटापरीस हात लय दुखतो, बाई,” म्हणाली. मग मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. मी तिचा श्वास मोजत बसले.

तर असं आहे. अजून काहीच ठरलेलं नाही. गुडघा जप.

तुझी भाची,
इरा

ता. क. १ : ठरलंय. भूलशास्त्र.

ता. क. २ : बाबांना तू सांग. या घरात ते फक्त तुझं ऐकतात. पुढच्या रविवारी जेवायला ये, त्या दिवशी मी ड्युटी मागून घेतली आहे. ‘झोपवणारी डॉक्टर म्हणून तिला ओळखणार कोण’ असं ते म्हणतील, तेव्हा चंद्रभागेचं सांग. जांभईचं हळू सांग.

ता. क. ३ : आणि ते शांतपणे “बरं” म्हणाले, तर मला ताबडतोब फोन कर. बाबा इतक्या सहज हो म्हणाले तर निर्णय चुकलाच असणार, मग मला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागेल.