सहाशे आवाजांत एक कमी

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे.
पलंगावर मांडी घालून बसलो आहे. यंत्राचा खोका नुकताच कात्रीने उघडला. दातांनी नाही. वस्तूचा मान ठेवावा.

दादाने स्वतःहून आणलं! हाताने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड. परातीएवढं गोल, वर रबराचे पंधरा भाग, आत सहाशे आवाज भरलेले. किंमत अठरा हजार पाचशे. मी एकदाच दुकानाच्या काचेतून बघितलं होतं, ते त्याच्या लक्षात राहिलं. लोक म्हणतात दादा तापट आहे. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

दादा म्हणाला, पैसे फेडू नकोस, फक्त वाजव. रोज संध्याकाळी, मी सांगेन तेव्हा.

संकल्प: रोज वीस आवाज. तीस दिवसांत सहाशे. एकही सोडायचा नाही. दहावी सुटली, हे सुटणार नाही.

बाजूला हेडफोनचं भोक आहे. उद्याच हेडफोन घ्यावा. शेजारपाजाऱ्यांना त्रास नको.

मंगळवार, ५ मार्च. रात्री ९.
हेडफोन घेतला, तीनशे वीस. दादाने हातात घेऊन बघितला आणि वायर हिसडा मारून तोडली. म्हणाला, कला अशी कानात कोंबून ठेवायची नसते. घरभर घुमली पाहिजे. आणि आमच्या टायरच्या दुकानातला मोठा स्पीकर स्वतः खांद्यावरून आणला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुटलेल्या वायरचं टोक गालाला लागलं होतं, थोडं त्याचंही असेल.

सव्वाआठला दादा दारात आला. म्हणाला, हं, वाजव. जोरात. मग त्याच्या आणि वहिनींच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मी ढोलकीवर तुटून पडलो. पलीकडे कपाट सरकवत असावेत. धडधड येत होती. त्यांचा ताल धरून नव्हता, पण मी सांभाळून घेतलं.

गुरुवार, ७ मार्च.
वरच्या मजल्यावरचे काका मुद्दाम खाली आले. एके काळी नाटकात पडद्यामागे आवाज काढायचे. पत्रा हलवून गडगडाट, लाकडी ठोकळ्यांचे घोडे. आता स्वतःला कमी ऐकू येतं, पण मत द्यायला कान लागत नाहीत.

म्हणाले, तुझी ढोलकी खोटी. तुझा डफ तर डब्यासारखा. पण मधेच एक भांडं भिंतीवर आपटलंस ना, ते खरं! त्यात वजन होतं. शाबास.

मी आभार मानले. वास्तविक भांड्यांचे आवाज माझ्या हिशेबाने पुढच्या आठवड्यात यायचे आहेत. बोट चुकून पुढे गेलं असेल.

वहिनींच्या भुवईला दोन टाके. कपाटाचं दार लागलं म्हणाल्या. म्हणजे कपाटच सरकवत होते. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

शनिवार, ९ मार्च.
दुकानात कटकट. एक गिऱ्हाईक म्हणालं, नवा म्हणून जुनाच टायर चढवलात. दादाने टायर काढायची पहार उचलली. गाडीचा आरसा फोडला, दिवा फोडला, मग पुन्हा आरसा. तोवर आरशात फोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण दादा काम अर्धवट सोडत नाही. ते गिऱ्हाईक पोस्टाच्या पेटीमागे जाऊन उभं राहिलं. मी बिल करत होतो. पंक्चरचे पैसे लावावेत की सोडावेत, हे विचारायची वेळ नव्हती. सोडले.

शटर ओढताना दादा म्हणाला, आज जोरात वाजव. मन मोकळं करायला संगीतासारखं औषध नाही, हे त्यालाही पटलेलं दिसतं.

दादाचा रंग बघून क्रम मोडला आणि थेट तीनशेऐंशीच्या पुढच्या विभागात गेलो. तिथे ढोल-ताशे नाहीत, नुसते आवाज. ३८६ चाबूक. ३८८ चापट. ३९० काच फुटणे. ३९१ बाई किंचाळणे. (यंत्रावर नावं इंग्रजीत, ‘किंचाळणे’ शब्दकोशात बघून लिहिलं.)

३८८ अगदीच बोगस. टाळी वाजवल्यासारखी खणखणीत. खरी चापट बद्द वाजते. मला कसं माहीत, ते इथे लिहिण्याचं कारण नाही. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, तिचाही याच्याशी संबंध नाही. ती लहानपणी दारात सापडली होती. दार दादाच्या हातात होतं, एवढंच.

तळहात सुजले. यंत्राला बडव बडव बडवलं. पॅड हलून पलंगावरून दोनदा खाली पडलं, तरी दादाने भिंतीवर मूठ मारून कळवलं, अजून.

बुधवार, १३ मार्च. सकाळी ८.
खालच्या मजल्यावरच्या सिस्टर रात्रपाळीहून येऊन थेट आमच्या दारात. अंगावर हॉस्पिटलचे कपडे, डोळे लाल. यांचा बांबू मला परिचयाचा आहे. सुट्टीच्या दिवशी झाडूच्या दांड्याने छताला ठोकतात. सोमवारी कामावर निघेपर्यंत ठोकत होत्या.

विचारलं, परवा संध्याकाळी वर कोण रडत होतं?

मी सविस्तर समजावलं, आत बोलावून ३९१ वाजवून दाखवला. बाई किंचाळली, घुमली, विरली.

सिस्टर म्हणाल्या, ही नाही. ही सिनेमातली आहे, हिला काही झालेलं नाही. परवाची हळू म्हणत होती, नको ना, नको ना. काय रे, परदेशी यंत्र तुझं, आपल्या भाषेत ‘नको ना’ म्हणतं?

म्हटलं, सहाशे आवाज आहेत सिस्टर, असेल त्यात. अजून माझे एकशे ऐंशीच झालेत.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पेशंटकडे बघतात तसं. मग वहिनींशी बोलायचंय म्हणाल्या. वहिनी अंघोळीला गेल्या आहेत, असं मी सांगितलं. वहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. निदान लक्षात नव्हतं.

रविवार, १७ मार्च. दुपारी ४.
आज वेळापत्रक बाजूला ठेवून सगळे सहाशे तपासले. ‘नको ना’ नाही. कुत्रा भुंकतो, दार करकरतं, बाळ हसतं, घंटा वाजते. ‘नको ना’ नाही.

शेवटी वहिनींनाच विचारलं. म्हटलं, दिवसभर घरात असता, तुमच्या कानावर आला असेल. ‘नको ना’ म्हणणारा आवाज. कितव्या नंबरवर आहे, काही कल्पना?

वहिनी भाजी चिरत होत्या. एकदम हसायला लागल्या. इतक्या, की सुरी खाली ठेवून दोन्ही हातांनी बरगडी धरावी लागली. आई गं, आई गं, करत हसत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, हसवू नका हो, दुखतं. सापडला नंबर की मलाही सांगा.

विनोदी स्वभावाच्या आहेत. लक्षात येत नाही पटकन.

कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, सर, असा आवाज आमच्या यंत्रात नाही. मग त्यानेच विचारलं, यंत्र बंद असतानाही येतो का? बंद करून ऐका एकदा.

असले सल्ले! वाजवायच्या वेळेला बंद करून कसं चालेल? दादा काय म्हणेल? कंपन्यांना ग्राहकांच्या घरची परिस्थिती कळत नाही.

निष्कर्ष: आवाज लपवलेला आहे. दोन भाग एकदम दाबल्यावर येत असावा. संकल्प: पंधराही भाग जोडीजोडीने दाबून बघणे.

मंगळवार, १९ मार्च.
भाग्य उघडलं! एका ऑर्केस्ट्रावाल्याला हाताने वाजवणारा हवा आहे. ऑडिशन बुधवारी किंवा गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला. फी पाचशे. माझ्याकडे पाचशे नव्हते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे साडेसातला मी घरी नसलो तर दादा काय म्हणेल. मनातल्या मनात जाणं रद्द केलं. कलावंताने घाई करू नये.

पण वहिनींना कळलं. उशीच्या खोळीतून पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, जाच तुम्ही. बुधवारी नको, गुरुवारी जा. गुरुवारी सिस्टरची सुट्टी असते.

सिस्टरच्या सुट्टीचा माझ्या ऑडिशनशी काय संबंध, ते कळलं नाही. पण पैसे देणाऱ्याशी वाद घालू नये.

पुढे म्हणाल्या, यंत्र घेऊनच जा. स्पीकरची वायरसुद्धा. आणि परतायची घाई करू नका. ह्यांना मी सांगेन.

बोलताना दोनदा दाराकडे बघितलं त्यांनी. माझ्यापेक्षा त्यांनाच माझ्या ऑडिशनची जास्त धास्ती! घरात एक तरी रसिक माणूस असावं.

शुक्रवार, २२ मार्च. सकाळी ६.
झोप नाही. जसं घडलं तसं लिहितो.

ऑडिशन उत्तम झालं. गाणारी गात होती, मी वाजवत होतो. दोन मिनिटांत ऑर्केस्ट्रावाल्याने हात वर केला. म्हणाला, बाळ, तू वाजवतोस तेव्हा दुसऱ्या कुणाचं काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, थँक्यू सर. तो म्हणाला, जा घरी.

पावणेनऊला आमच्या जिन्यात माणसंच माणसं. सिस्टरच्या दारात पोलीस. आत खुर्चीवर वहिनी. उजवा हात पुठ्ठ्याला बांधलेला, ओठ फाटलेला, खांद्यावर सिस्टरची शाल. दादा भिंतीशी उभा, कॉलर एका हवालदाराच्या मुठीत.

सिस्टर सांगत होत्या. आठला हा घरी आला. आधी नुसती एकच ओरड, यंत्र कुठाय? यंत्र कुठाय? मग दणादण. आणि मधे ती, शब्द न् शब्द. आज मधे ढोलकी नव्हती ना कुणाची. तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. मी दार ठोठावलं, उघडेना, म्हणून चौघांनी खांदा लावला.

माझ्या यंत्राची दादाला एवढी ओढ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

दादाने माझ्याकडे बघितलं. करंगळी दुखायला लागली. तो म्हणाला, हा सांगेल. सांग रे यांना, आमच्या घरातून आवाज कशाचे येतात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढा श्रोतृवर्ग मला आजवर मिळाला नव्हता. मी पुढे झालो आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, रोजचे आवाज माझ्या यंत्राचे असतात. आजचेसुद्धा.

पोलीसबाईंनी विचारलं, कुठाय यंत्र?

म्हटलं, हे काय, खांद्यावर. ऑडिशनला नेलं होतं साडेसातला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वहिनींनी मान वर केली. एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्याने बघितलं. म्हणाल्या, भाऊजी, सापडला का हो नंबर?

मी पट्टा सावरला. पट्टा ठीकच होता.

सिस्टरने त्यांना धरून जिन्यावरून उतरवलं, हॉस्पिटलला नेलं. गाडीत बसताना मी धावत जाऊन सांगितलं, वहिनी, तुमचे पाचशे पहिल्या पगाराला देतो. त्या म्हणाल्या, नकोत. वसूल झाले.

रविवार, २४ मार्च. रात्री साडेनऊ.
वहिनी त्यांच्या भावाकडे गेल्या. तिकडूनच पुढचं बघणार आहेत, असं सिस्टरने मला जिन्यात सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सिस्टर आज ड्यूटीवर आहेत.

दादा काल जामिनावर सुटला. सव्वाआठ वाजले. नियम तो नियम. मी पॅड लावलं, स्पीकर लावला, पुन्हा नंबर एकपासून सुरुवात केली. तेवढंच त्याला बरं वाटेल.

दादा दारात आला. म्हणाला, आता कशाला वाजवतोस? बंद कर.

मी म्हटलं, तूच म्हणाला होतास ना, रोज संध्याकाळी.

म्हणाला, तेव्हा घरात ती होती.

मला नीट समजलं नाही. समजून घेण्यासाठी मी आणखी दोन मिनिटं वाजवलं. त्याने स्पीकरला लाथ घातली. पॅड उचलून भिंतीवर मारलं. पंधरातले किती भाग उरले, ते उद्या उजेडात मोजीन. मग मी उरलो.

पहिली चापट ३८८ सारखी अजिबात नव्हती. हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. कपाटावर डोकं आपटलं. कपाट जागचं हललं नाही. चांगलं जड आहे. ते सरकवायला तीन माणसं लागतील.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, नको ना, नको ना दादा. बारीक आवाज होता. यंत्र बंद असल्यामुळे स्वच्छ ऐकू आला. कंपनीचा तो मुलगा बरोबर होता.

वाट बघितली. खालून झाडूचा दांडा ठोकला गेला नाही. वरची खिडकी मात्र उघडली आणि काका ओरडले, वा रे पठ्ठ्या! आज खरं! आज जमलं तुला!

यंत्र आल्यापासूनची ही पहिली पूर्ण दाद.

हिशेब.
हेडफोन ३२०.
ऑडिशनला जाणं-येणं ९०.
मलम आणि कापूस ४५.
एकूण खर्च ४५५.

देणे.
दादा, यंत्राचे १८,५००. (फेडू नकोस म्हणाला होता. आता एक तारखेपर्यंत म्हणतो.)
वहिनी, ५००. वसूल झाले म्हणाल्या, म्हणून खोडलं होतं. परत लिहिलं.
एकूण देणे १९,०००.