चिठ्ठी वाचून लिहिलेली चव

प्रिय चिमणे,

मावशीचा हात कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत तिला ओट्याजवळ फिरकू देऊ नकोस. इथे बाबांनी तुझी सायकल पुसून ठेवली आहे. आई रोज विचारते, ‘धाकटीचा फोन आला का?’ मी समोरच बसलेली असते, त्यामुळे माझी चौकशी करायचं कुणाला सुचत नाही.

फोनवरही बोलता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला की मी गोड गोड बोलते आणि खरं ते गिळून टाकते. म्हणून लिहिते आहे.

ती सकाळ तू विसरली नसशीलच. कुठल्याशा डोंगरातली ती कॉफी, वर्षाला जेमतेम काही पोती निघणारी, आपल्या कंपनीकडे नमुना म्हणून मूठभर आलेली. शेजारी ताडून बघायला तिकडचीच एक साधी कॉफी. चाखणाऱ्यांपैकी एकजण रजेवर होता, म्हणून जीभसाहेब तुला म्हणाले, ‘रोज कप धुतेस, आज पिऊन बघ.’ (आपल्या मुख्य चाखणाऱ्यांना ‘जीभसाहेब’ हे नाव तूच ठेवलंस, आता सगळं ऑफिस तेच म्हणतं.) रीत मीच तुला समजावली: भरड पुडीवर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, चमच्याने वरचा थर मोडायचा, मग सुर्रकन ओढायचं, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. पहिला घोट तू इतक्या जोरात ओढलास की स्वतःच दचकलीस आणि माझ्या कानाशी कुजबुजलीस, ‘घरी असं प्यायले असते तर आईने धपाटा घातला असता!’

मग दुसऱ्या वाडग्याशी तू थांबलीस. डोळे मिटलेस आणि एकटीच हसलीस. मी लगेच त्याच वाडग्यात चमचा बुडवला. आंबट, कडू, गरम. बस्स. दोन वर्षं मी हे काम करते, पण असं हसू मला एकदाही आलं नव्हतं. त्या क्षणी तो वाडगा तुझ्यापुढून काढून घ्यावासा वाटला.

पहिल्या वाडग्याच्या चिठ्ठीवर त्या दुर्मिळ कॉफीचं नाव होतं. मी ते वाचलं आणि कागदावर जाई, जर्दाळू, मध असं सगळं उतरवलं, अगदी पुस्तकात असतं तसं. तू दुसऱ्या वाडग्यापुढे लिहिलंस, ‘उन्हात वाळलेल्या चादरीत तोंड खुपसल्यासारखं, मग संत्रं सोलताना डोळ्यात उडतं तसं.’ जीभसाहेबांनी चिठ्ठ्यांची मुद्दाम अदलाबदल केली होती; दुर्मिळ कॉफी तुझ्या दुसऱ्या वाडग्यात होती. मग त्यांनी दोघींचे कागद नुसते शेजारी शेजारी ठेवले.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चौकट दाखवतात. तुझं शिक्षण बारावीला का थांबलं, यावर आपण दोघी कधी बोललो नाही. संधी सगळ्यांना सारखी मिळायला हवी, असं कॉलेजात मी टेबल बडवून सांगायचे. तुला इथे कप धुवायला लावून दिलं तेव्हा स्वतःचंच केवढं कौतुक वाटलं होतं! तू एक पायरी खाली होतीस, तोवर मी फार उदार होते. बरोबरीला आलीस आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

आता खरं ते. तू मावशीकडे गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी जीभसाहेबांनी मला बोलावलं. चाखणाऱ्यांत एक जागा आहे, बहिणीला विचार, म्हणाले. मी तुला पदवी नसल्याचं काढलं, तर म्हणाले, ‘पदवी मिळवता येते, ही जीभ नाही.’ मी तुला विचारलंच नाही. चार दिवसांनी त्यांना सांगितलं, की तिला नको आहे, तिचं मन इथे रमत नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसरं माणूस शोधायला लागले. आज सकाळी त्यांच्या समोर उभी राहून कबूल केलं, की ते उत्तर माझं होतं. ते म्हणाले, सोमवारपर्यंत थांबतो. माझ्या नोकरीचं काय ते नंतर ठरवतील. मावशीकडे मी राहीन, रजा टाकली आहे. हेवा गेलाय असं खोटं लिहीत नाही. रागावली असशील तर रागावूनच ये, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण सोमवारच्या आत ये.

तुझीच, जिने तुझ्या वतीने ‘नको’ म्हटलं ती,
ताई