टेबलाखालचं मशीन

८ जुलै
धानाच्या रोवणीसाठी रजा काढून एकोडीला, बाबांकडे. शेताच्या बांधीत उतरले नाही तोच कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन. "मॅडम, लॅबमधी काहीच इन्स्टॉल होऊन नाही राहिलं." चूक माझीच. काल विजा कडकडत होत्या, निघताना सवयीने माझ्या टेबलाखालच्या मशीनचा प्लग काढला. लॅबचे सगळे कॉम्प्युटर सॉफ्टवेअर त्याच मशीनवरून घेतात. मुळात इंटरनेटवरून घ्यायचे. नेट रडायचं, म्हणून ती सेटिंग मीच बदललेली. पायाला चिखल तसाच, साकोलीची बस धरून कॉलेज गाठलं. प्लग लावला. एवढंच काम.

९ जुलै
नागपूरच्या नोकरीचा होकार! ३१ पर्यंत रुजू व्हायचं. राजीनामा दिला तर प्राचार्य म्हणाले, "तुम्ही गेल्या तर हे कोण पाहीन? तुमच्याशिवाय लॅब चालू द्या, मंग सही करतो." गोड बोलायचं आणि अर्ज खणात टाकायचा. जीव घुसमटतो इथे.

१५ जुलै
आता फायबर आलंय, मग माझी सेटिंग हवी कशाला? एका कॉम्प्युटरवरून त्या सेटिंगची ओळ उडवली. चहा येईस्तोवर सगळं थेट नेटवरून उतरलं. खूश. आणि मग परीक्षेचा प्रोग्राम उघडेना. मूळ सेटिंग नवीन दिसेल ते ओढते, आमच्या प्रोग्रामला त्यातलं एक सॉफ्टवेअर पॅकेज जुनंच लागतं. माझ्या मशीनवर जुनंच होतं, म्हणून आजवर निभावलं. आगीतून फुफाट्यात.

१९ जुलै
जमलं. ते एक पॅकेज जुन्या आवृत्तीवर गोठवलं, बाकी सगळं नेटवरून. सगळ्या कॉम्प्युटरवर तेच. माझं मशीन बंद करून पाहिलं. लॅब चालते.

२० जुलै
प्राचार्यांना दाखवलं. "वा! मंग ऑफिस आन् लायब्ररीचंही असंच करून द्या ना. जायची एवढी घाई काहून?" मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. बरं कशाला म्हटलं? स्वतःचीच चीड येते.

३० जुलै
एकोडी. रजा मागितली नाही, नुसतं कळवलं. मशीनचा प्लग मुद्दाम काढून आले. रोवणी संपत आली. फोन दिवसभर वाजला नाही. आधी बरं वाटलं, मग थोडं वाईटही.
बाबा बांधावरून म्हणाले, "नाई आला ना फोन? मंग कायले अडकून रायली तू?"
सही झालेली नाही. ऑफिसचं काम अर्धवट. उद्या रुजू व्हायचा शेवटचा दिवस. पिशवी भरून ठेवली आहे. नागपूरला जायचं तरी साकोलीवरूनच, आणि बस कॉलेजच्या फाट्यावर थांबतेच. कंडक्टर ओळखीचा, न विचारता मला उतरवायला घंटी मारतो. उद्या त्याला आधीच सांगावं लागेल, की आज घंटी मारू नका, मला पुढे जायचंय.