यादीतला वाघ

प्रिय रत्नदीपदादा, जय भीम.

परत एकच बॉक्स घेतोयस? किती वेळा सांगितलं, गावाला नेट देणाऱ्या लाइनी दोन आहेत तर ते वाटणारे फायरवॉलचे बॉक्सही दोन घे. लोड वाटला जातो, एक बंद पडला तरी दुसरा गाव ओढतो. पण तू मंचरच्या दुकानदाराचं ऐकणार, नववी नापास भावाचं नाही. अरे, चेन्नईत वायरी ओढत असलो तरी माझे डोळे उघडे असतात. हे माझं तिसरं शहर. आणि हो, कुणाचं नेट आधी सोडायचं, कुणाचं मागं ठेवायचं, ते पुऱ्या नावानिशी लिहिता येईल असलाच बॉक्स घे. आपल्या जुन्यात नावाला जागा लई तोकडी.

आई सांगत होती, भागूआत्या गेल्यापासून तू नेटचं दुकान उघडत नाहीस. उसाकडेच्या कॅमेऱ्यानं बिबट्या टिपला आणि फोटो दुकानात आला की भोंगा वाजायचा. त्या दिवशी तो उशिरा वाजला, आणि भरदिवसा घास कापणाऱ्या आत्याला बिबट्यानं ओढून नेलं. रत्नदीपनं भंगार बॉक्स बसवला, असं लोक तोंडावर बोलतात म्हणे. तुलाही तेच खरं वाटतंय.

आठवतं, आत्या जायच्या आधी, मॅचच्या आदल्या दिवशी, नेट हळू म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बोंबांना वैतागून तू मला बॉक्सचा पासवर्ड दिलास? मी इथून मोबाइलवर गिऱ्हाइकांची यादी उघडली. सगळ्यात जास्त नेट 'वाघ' खात होता. म्हटलं, हे आपले वाघ गुरुजी, दिवसभर पिक्चर उतरवत बसलेत. हसत हसत त्यांना शेवटच्या रांगेत टाकलं. तुला सांगायचं राहूनच गेलं. गुरुजींना तू 'मास्तर' लिहिलंस, हे मला नंतर दिसलं. वाघ म्हणजे कॅमेरा होता, दादा. आपल्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात आणि मला नेमका माणूस आठवला. फोटो रांगेत अडकला. भोंगा बावीस मिनिटं मागं पडला.

बॉक्स चांगला होता. फोनवर हे तोंडातून निघेना, म्हणून हातानं लिहून खाली सही केलीय. पंचायतीत सगळ्यांसमोर वाच, आत्याच्या लेकीसमोर, उज्ज्वलासमोर वाच. ती शिव्या देईल, त्याही मला कळव. नव्या बॉक्सला या महिन्यात माझ्याकडून काही होणार नाही. पगारातलं उरलेलं तिला पाठवतोय. बहुतेक घेणार नाही, तरी तिच्यापुढं ठेव. अकरा हजार चारशे रुपये.

तुझाच,
राकेश