सिद्धूची खूण

रवि. ११ जाने. ७६
सिद्धू जाऊन वीस दिवस. धाकट्या भावाशिवाय पहिला सामना. गिरण्यांची स्पर्धा, तीस षटकांची. यष्टीमागे आता रफीक, पॅकिंग खात्यातला. माणूस चांगला. पण माझी गुगली त्याला ओळखता येत नाही. लेगब्रेक समजून ऑफला सरकतो आणि चेंडू आत वळून लेगकडून सीमापार. तीन वेळा. बारा बाय. चार षटकांनंतर कप्तान शिंदेंनी चेंडू काढून घेतला. जिंकलो कसेबसे.
रफीकच्या हनुवटीला लागलं. "अण्णा, तुमारा हात है की जादू? मेरेकू कुछ दिखताच नै."
चेंडू हातमोज्यात आला की सिद्धू हळूच कानडीत म्हणायचा, "बंतु." आला. दहा वर्षं ऐकलं. आज मागून काहीच नाही.

मंगळ. १३
हजेरीचं रजिस्टर लिहीत होतो. शिंदे टेबलापाशी आले.
"भावाभावात काय खूण हुती ती रफीकला सांग की. आता कुणासाठी लपवतोयस?"
म्हटलं, खूण नव्हती.
"दहा वर्षं चुकला न्हाय त्यो. खुणंबिगर?"
विश्वास बसला नाही. म्हणाले, तीन दिवसांची म्याच न्हाय ही, एक बाय म्हंजी फुकटची धाव. गिरणीच्या साहेबांशी बोललेत. संघात टिकलो तर नोकरी कायम, नाहीतर मार्चपासून घरी.
खरंच नव्हती. तो बघायचा आणि त्याला कळायचं. कसं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

बुध. १४
संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेला घरातलं कुणी गेलं नाही. आईनं, अव्वानं, तीळगूळ केला नाही. सिद्धूचे हातमोजे खुंटीवर तसेच. घामाचा वास आहे अजून.

शुक्र. १६
खूण बनवली. गुगलीआधी डावा तळवा पँटला पुसायचा. सरावात रफीककडून एकही सुटला नाही. "इत्तीशी बात थी, अण्णा! पैलेच बोलना था." खूश होता. मला सिद्धूच्या जागी कुणाला तरी बसवल्यासारखं…

रवि. १८
उपांत्य सामना. पहिलं षटक बरं. दुसऱ्यात त्यांच्या एका जाड्या फलंदाजानं खूण हेरली. तळवा पुसला की पाय पुढे, सरळ माझ्या डोक्यावरून. वर हसतोय, "पुसा, पुसा की मास्तर!" तीन षटकांत चौतीस. मग मला सीमारेषेवर नेऊन उभं केलं. जिंकलो.
जेवलो नाही. मला येते ती ही गुगली एवढीच, आणि तीही अर्धी सिद्धूबरोबर गेली.

मंगळ. २०
शिंदे म्हणाले, रविवारी फायनलला बारा जणांत हायेस. अकरा सकाळी ठरवू. खरी खूण आठवली तर बघू.

शुक्र. २३
अव्वा भाकरी थापत होती. सहज विचारलं, सिद्धूला माझा चेंडू कसा कळायचा गं?
वर न बघता म्हणाली, "त्यात काय? तू श्वास धरतोस की."
कधी?
"खोटं बोलायच्या आदी. ल्हानपणापासनं. सिद्धू म्हणायचा, अव्वा, अण्णा फसवा चेंडूबी तसाच टाकतोय बघ. तुला सांगू नको म्हणाला. कळलं तर तुला टाकाय यायचं न्हाय."
पाणी घ्यायला उठलो आणि उभाच राहिलो.
डिसेंबरात डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, कावीळ हाताबाहेर गेली, आता आशा नाही. आत येऊन मी सिद्धूला म्हणालो, पंधरा दिवसांत उभा राहतोस बघ. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "बंतु."
मला वाटलं, तापात बरळतोय.

शनि. २४
मैदानावर एकटाच गेलो. पंचवीस-तीस चेंडू भिंतीवर. सगळं लक्ष श्वासाकडे. धरला नाही तर गुगली पडत नाही. मुद्दाम धरला तर चेंडू हातातून निसटतो. सिद्धू बरोबर म्हणाला होता.
रफीकला सांगितलं तर बहुतेक खेळेन. नोकरी राहील. अव्वाचं औषधपाणी निघेल. पण सांगितलं की रफीक प्रत्येक चेंडूआधी माझ्या तोंडाकडे बघणार, सिद्धू त्या दिवशी बघत होता तसा. ते मला…

रवि. २५
सकाळी सात. रफीक सायकलवर घ्यायला आला. दारातूनच विचारलं, "खूण याद आई क्या, अण्णा?"
म्हटलं, नाही.
श्वास धरला होता का, मला कळलं नाही. तो जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग कॅरिअर झटकलं.
"बैठो."
निघतो.